नळकाकांचा नकाशा

पंखा दुरुस्त करायला बोलावलेला वायरमन नऊ नंबरची इमारत शोधता शोधता सहा नंबरात शिरला. तिथला धडधाकट पंखा त्याने उतरवला, पुसला, परत लावला आणि निघूनही गेला. "सोसायटीकडूनच काहीतरी असेल" असं म्हणून सहा नंबरवाल्यांनी त्याला चहाही पाजला. त्याच दिवशी, स्वतःच्या बंद पंख्याखाली वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या नळकाकांनी ठरवलं की आता बास झालं. कॉलनीचा नकाशा झालाच पाहिजे.

नळकाकांनी आयुष्यात एकही नळ दुरुस्त केलेला नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ते स्वतःही हे सगळ्यांना सांगत, आणि तरी सुट्टीच्या सकाळी कोणी ना कोणी गळकी तोटी घेऊन दारात उभं असे. ते पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. जमिनीखालून कुठला पाइप कुठे वळतो याचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पण 'आरेखक' हा शब्द कॉलनीच्या तोंडात काही बसला नाही. पाणी तेवढं लक्षात राहिलं आणि चांगल्या रेघा मारणाऱ्या माणसाचा नळकाका झाला.

तर कॉलनी. इमारतींना नंबर दिले होते ते बांधल्या त्या क्रमाने, उभ्या आहेत त्या क्रमाने नव्हे. त्यामुळे चारच्या शेजारी अकरा, अकराच्या मागे दोन, आणि नऊ नंबर तर भांडून वेगळं राहिल्यासारखा पार टोकाला. फोनवर कॉलनीचा ग्रुप होता आणि त्यावर दिवसभर एकच संवाद चाले: "कुठे आहात?" "टाकीपाशी." "कुठल्या टाकीपाशी?" "तुम्ही कुठल्या टाकीपाशी आहात?"

त्या ग्रुपवर नळकाकांनी जाहीर केलं, "आपल्या कॉलनीचा ऑनलाइन नकाशा मी तयार करीत आहे. प्रत्येकाला तो आपापल्या फोनवर पाहता येईल." धडाधड अंगठे आले, टाळ्या आल्या. शेवटी एकाने लिहिलं, "वा काका! सवडीने आमच्या बेसिनचंही बघा."

नळकाकांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, आणि काम नेमकं हेच. वेबवरचे नकाशे लोकांना वापरायला सोपे कसे होतील ते बघायचं. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, हा नकाशा कोणासाठी आहे?"

"कोणासाठी म्हणजे? सगळ्यांसाठी!"

"सगळ्यांसाठी म्हणून केलं की ते कोणाच्याच कामाचं राहत नाही. कोणीतरी एक माणूस डोळ्यासमोर धरा."

ज्या माणसाने अख्ख्या शहराच्या पोटातलं पाणी कागदावर आणून दाखवलं, त्याला त्याच्याच पोरीने नकाशा शिकवावा? नळकाकांनी "बरं, बरं" म्हणून फोन काकूंकडे दिला. काकूंनी तो कानाला लावत एवढंच म्हटलं, "फुगले."

काम रीतसर व्हावं म्हणून नळकाका आधी नगरपालिकेत गेले, कॉलनीचा अधिकृत आराखडा बघायला. या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरून पुन्हा पहिल्या खिडकीत. तिथल्या कारकुनाने अखेर एक गुंडाळी उलगडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "नऊ नंबर इमारत यात नाही."

"अहो, मी तिथेच राहतो."

"राहत असाल. पण इथे मुलांचं मैदान आहे."

"मैदान नाही हो! इमारत आहे. चार मजली. चौथ्या मजल्याचं पाणी आमच्या छतातून झिरपतं."

'पाणी' म्हटल्यावर कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कुठल्या खात्यात होतात म्हणालात? पाणीपुरवठा? मग जरा इकडे या. आमच्या मोरीचा नळ महिनाभर बंदच होत नाहीये." नळकाका घरी आले तेव्हा त्यांच्याकडे आराखडा नव्हता. उजवी बाही मात्र कोपरापर्यंत भिजलेली होती.

मग त्यांनी कॉलनी स्वतः पायाखाली घातली. मोठ्या पडद्याच्या संगणकावर सगळ्या इमारती, गल्ल्या, झाडं अशी सुरेख उतरवली की काकूही दोनदा येऊन बघून गेल्या. इथेच ते थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी ग्रुपवर विचारलं, "काही सूचना?"

सूचना! औषधवाल्यांनी सांगितलं की आमचं दुकान लाल रंगात दाखवा, आजारी माणसाला चटकन दिसतं. दातांच्या डॉक्टरांनी लालच मागितला. आग विझवायची बादली कुठे टांगली आहे तेही लालच हवं, असं सेक्रेटरींचं मत पडलं. गाण्याच्या बाईंना आपल्या वर्गाची खूण हवी होती, आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरच्यांना तिथे इशारा हवा होता. कोणाला मांजर झोपतं ती जागा हवी होती, कोणाला सूर्यास्त चांगला दिसतो तो कोपरा. नाही म्हणणं नळकाकांच्या रक्तात नव्हतं. लोक विचारतायत हेच त्यांना किती दिवसांनी मिळालं होतं! त्यांनी प्रत्येकाला खूण दिली. खुणा कळाव्यात म्हणून शेजारी खुणांचा तक्ता दिला. तक्ता कळावा म्हणून त्याखाली टिपा दिल्या. आणि नकाशा उघडताच आधी "सुस्वागतम्" अशी पाटी येईल, ती बंद केल्यावरच पुढे जाता येईल, अशी व्यवस्था केली.

मोठ्या पडद्यावर हे सगळं देखणं दिसत होतं. कॉलनीत मात्र मोठा पडदा एकट्या नळकाकांकडे. बाकी सगळे तळहाताएवढ्या फोनवर. तिथे नकाशा उघडेना. "काका, नुसतं गोल गोल फिरतंय," असे निरोप आले. ज्यांचा उघडला त्यांना सुस्वागतम् बंद करता येईना, कारण बंद करायची फुली मुंगीएवढी. तिच्यावर बोट टेकलं की खालची दातांच्या डॉक्टरांची खूण दाबली जाऊन थेट त्यांना फोन लागे. डॉक्टरांनी दुपारपर्यंत फोन बंद करून ठेवला. फुली ज्यांना जमली त्यांना पुढे खुणांचा तक्ता आडवा आला, आणि तक्त्याखाली कॉलनी दिसेनाशी झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या!

शहाणा माणूस इथे दोन पावलं मागे येतो. नळकाकांनी एक पाऊल पुढे टाकलं. "ज्याला जे चुकीचं वाटेल ते त्याने स्वतः दुरुस्त करावं," असं लिहून त्यांनी नकाशात फेरफार करायची मुभा सगळ्यांना देऊन टाकली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चहा निवायच्या आत औषधवाल्यांनी आपलं दुकान ओढत ओढत मुख्य फाटकात आणून ठेवलं. कुत्रेवाल्यांच्या दारावर समोरच्या वकिलांनी 'हिंस्र श्वापद' अशी खूण लावली. कुत्रेवाल्यांनी तीच उचलून वकिलांच्या दारावर ठेवली. गाण्याच्या बाईंच्या घराचं नाव 'ध्वनिप्रदूषण' झालं. आणि सेक्रेटरींच्या घरावर कोणीतरी कचराकुंडी आणून ठेवली. ती चुकून ठेवली की समजून उमजून, यावर कॉलनीत आजही दोन तट आहेत.

ग्रुपवर जे रणकंदन माजलं त्याचा शेवट सेक्रेटरींच्या निरोपाने झाला: "सदर नकाशा तात्काळ बंद करण्यात यावा. ज्यांना नळाचं कळतं त्यांनी नळाचंच पाहावं."

नळकाकांनी तो निरोप वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग संगणक बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसले. काकूंनी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "भूक नाही." काकू पानं तशीच झाकून त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडे लेक होती.

"तुझं बरोबर होतं," नळकाका म्हणाले.

लेक हसली नाही. "बाबा, तुमच्या रेघा बघितल्या मी. इतक्या नेमक्या गल्ल्या आमच्याकडे कोणी काढत नाही. रेघा चुकल्याच नाहीत. आता एकच करा. एखाद्या माणसाच्या हातात नकाशा द्या आणि शेजारी गप्प बसा. काही समजवायचं नाही, बोट दाखवायचं नाही. तो काय शोधतो ते नुसतं बघा."

"गप्प?"

"गप्प."

"आई जातेय म्हणावं सोबत," काकू मागून म्हणाल्या. "गप्प बसवायला."

माणूस कोणता निवडावा? कॉलनीत तोंड दाखवायची सोय नव्हती. न हसणारं घर एकच उरलं होतं, वरच्या आजींचं. चौथ्या मजल्यावर, नळकाकांच्या बरोबर डोक्यावर त्या राहत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. लिफ्ट होती, पण लिफ्ट खालपर्यंत सोडते, पुढे काय? मुलगा गाडीतून नेतो म्हणाला तर म्हणायच्या, "मी काय गॅसचं सिलिंडर आहे उचलून न्यायला? जाईन तेव्हा माझ्या पायांनी जाईन."

आजींनी फोन हातात घेतला. सुस्वागतम् पाहून म्हणाल्या, "बरं बाबा, आलो," आणि फुलीशी झटापट सुरू केली. नळकाकांचं बोट आपोआप पुढे गेलं. काकूंनी ते धरून मांडीवर ठेवलं आणि धरूनच ठेवलं. फुली मिटली. आजींनी तक्ता ढकलला, औषधवाले ढकलले, मांजर ढकललं. मग नऊ नंबरवर बोट टेकवून ते हळूहळू गल्लीतून सरकवायला लागल्या. थोडं सरकवायचं, थांबायचं, फोन डोळ्याजवळ न्यायचा. पुन्हा थोडं सरकवायचं. टाकीच्या वळणापाशी बोट अडलं.

"यात बसायला कुठे आहे रे?" त्यांनी विचारलं.

"कुठे बसायला?"

"अरे, चालता चालता टेकायला. स्वयंपाकघरातून गॅलरीत जाऊन परत येईपर्यंत गुडघा ऐकतो. मग कुरकुरतो. तेवढ्यात टेकायला मिळालं तर पुन्हा ऐकतो. तुझ्या नकाशात सगळं आहे, तेवढंच नाही."

मग बाकीचं बाहेर आलं. कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला, एक नंबरात, आजींची मैत्रीण राहत होती. पूर्वी दोघी रोज संध्याकाळी बागेत भेटत. गुडघ्यांनंतर फोन उरला, पण मैत्रिणीला ऐकू कमी. आजी ओरडून गुडघ्याचं सांगायच्या, ती तिकडून "हो, हो, इकडेही उकडतंय" म्हणायची. आणि आता मैत्रिणीचा मुलगा तिला आपल्याकडे घेऊन चालला होता, लांब, कायमची. रविवारी निघणार होते.

"तिला एकदा भेटायचंय," आजी म्हणाल्या. "पण कोणी नेऊन ठेवलेलं नको. तिच्या दाराशी मी चालत गेलेली तिला दिसायला हवी. नाहीतर जन्मभर काळजी करत बसेल, तसली आहे ती."

नळकाका गप्पच होते. या वेळी काकूंना हात धरावा लागला नव्हता.

दुसऱ्या सकाळी ते आजींच्या चालीने कॉलनीतून चालले. घाईने चालणाऱ्या माणसाला कॉलनीत बाक भरपूर दिसतात. हळू चालणाऱ्याला त्यांतला एक मोडका निघतो, एकावर औषधवाल्यांची खोकी रचलेली असतात आणि एकावर गच्चीचं पाणी ठिबकतं. टाकीपासून बागेपर्यंतच्या लांब गल्लीत तर टेकायला एक दगडही नव्हता.

लेकीने फोनवरून साथ दिली आणि दोघांनी मिळून नकाशा सोलायला घेतला. सुस्वागतम् गेलं. "राहू दे ना, किती छान अक्षर काढलंय," नळकाका म्हणाले. ती म्हणाली, "बाबा." ते गेलंच. तक्ता गेला, टिपा गेल्या, लाल रंग गेला, मांजर गेलं. मांजराच्या वेळी दोघांनाही थोडं वाईट वाटलं. उरल्या गल्ल्या, इमारतींचे ठळक नंबर आणि बोराएवढे मोठे हिरवे ठिपके. ठिपका म्हणजे इथे बसता येतं. वर एकच ओळ: 'बसायला कुठे आहे?' उघडायला पापणी लवायचाही वेळ लागत नव्हता. ठिपके मात्र फार थोडे होते, आणि लांब गल्ली कोरडी ठणठणीत.

तो नकाशा त्यांनी ग्रुपवर पाठवला. सोबत लिहिलं, "आजींना रविवारच्या आत एक नंबरापर्यंत चालत जायचं आहे. सध्या एवढ्याच जागा सापडल्या."

नळकाकांनी फोन उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला.

पहिला निरोप गाण्याच्या बाईंचा आला. "आमच्या दाराशी खुर्ची ठेवली आहे. एक ठिपका मिळेल का?"

नळकाकांनी ठिपका दिला. आणि मग जी काही झुंबड उडाली! औषधवाल्यांनी बाकावरची खोकी आत नेली आणि बाक पुसल्याचा फोटो टाकला. कुत्रेवाल्यांनी लांब गल्लीत स्टूल मांडलं. समोरच्या वकिलांनी लगेच लिहिलं, "स्टुलाला पाठ नसते. आमच्या खुर्चीला पाठ आहे, हातही आहेत." कुत्रेवाल्यांनी स्टूल आत नेऊन वेताची आरामखुर्ची आणली. वकिलांनी उशी ठेवली. सहा नंबरवाल्यांनी तर पंखाही लावून देऊ म्हणून कळवलं, त्यांचा साफ झालेला होता. मार्गात वस्तू ठेवण्यास मनाई असल्याचा नियम सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासाने तो त्यांनी स्वतःच पुसला. संध्याकाळी ते ऑफिसातली चाकांची खुर्ची ढकलत आणताना दिसले. चाकं पळू नयेत म्हणून त्यांनी चारी बाजूंनी विटा लावल्या, दोनदा स्वतः बसून बघितलं आणि नळकाकांना म्हणाले, "माझा ठिपका जरा नीट द्या. कचराकुंडीपासून लांब."

शनिवारी दुपार कलल्यावर आजी काठी घेऊन खाली उतरल्या. मागे काकू, त्यांच्या मागे नळकाका. मदत करायची नाही अशी दोघांना ताकीद होती. गुडघा पहिल्या बाकापर्यंत मुकाट चालला, पण अडचण वेगळीच निघाली. ज्याने ज्याने खुर्ची मांडली तो तो दारात उभा होता. आजी एखादी खुर्ची वगळून पुढे निघाल्या की मालकाचा चेहरा उतरे. म्हणून गरज असो नसो, आजी प्रत्येक खुर्चीवर टेकल्या. गाण्याच्या बाईंकडे बसून "सूर लागतो हो चांगला, वरपर्यंत येतो," म्हणाल्या. सेक्रेटरींच्या खुर्चीत त्या जीव मुठीत धरून बसल्या आणि उठताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. घटकाभराची वाट, पण उन्हं उतरायला लागली.

लांब गल्लीच्या तोंडाशी आजी थांबल्या. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी चालत येत होतं. वाकलेलं, भिंतीला हात लावत, मागून तिला न्यायला आलेली सून, सुनेच्या हातात फोन. नकाशा एक नंबरातही पोचला होता.

दोघी दोन टोकांनी चालत आल्या. कुत्रेवाल्यांचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मैत्रीण वकिलांच्या खुर्चीत बसली, आजी कुत्रेवाल्यांच्या आरामखुर्चीत, समोरासमोर. गुडघ्याला गुडघे लागतील इतक्या खुर्च्या जवळ ओढून घ्याव्या लागल्या. ते काम कुत्रेवाल्यांनी आणि वकिलांनी मिळून केलं.

"आलीस चालत?" मैत्रीण म्हणाली.

"आले."

"फोनवर इतके महिने काय ओरडत होतीस गं? मला शब्द कळला नाही."

"मग हो हो कशाला म्हणायचीस?"

"तू बोलत होतीस ना, म्हणून."

आजींनी तिचा हात हातात घेतला आणि तो थोपटत बसल्या. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. नळकाका फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखे उभे राहिले. फोन उलटा धरलेला होता, पण ते कोणी त्यांना दाखवून दिलं नाही.

रविवारी गाडी गेली. आजी त्यानंतर काही दिवस खाली आल्याच नाहीत. वरून पावलांचा आवाजही येईना. काकू रोज वर जाऊन येत आणि विचारल्यावर नुसती मान हलवत. नळकाका नकाशा उघडून हिरवे ठिपके बघत बसत. खुर्च्या अजून कोणी आत नेल्या नव्हत्या. लांब गल्लीत आता कुत्रेवाले आणि वकील संध्याकाळी समोरासमोर बसून भांडत, बसून भांडायला बरं पडतं म्हणून.

मग एका सकाळी लिफ्टचं दार वाजलं. काठी टेकत आजी नळकाकांच्या दाराशी आल्या. चेहरा ओढलेला होता, पण वेणी नीट घातलेली होती.

"अरे," त्या म्हणाल्या, "त्या बाजूचं सगळं बघून झालं. फाटकाच्या बाजूला काय आहे?"

"वाचनालय आहे, आजी. पुढे तळं आहे."

"आणि बसायला?"

नळकाकांनी खिशातून फोन काढला, बघितला. त्या बाजूला एकही ठिपका नव्हता. त्यांनी फोन परत खिशात टाकला, आत जाऊन जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "तुम्ही या सावकाश. मी पुढे होतो."